मुलीसाठी (आणि धाकट्यासाठी) शाळेबाहेरचा क्लास निवडायचा कसा?

ओंजळ (धागाकर्ती)

मुलगी ७ वर्षांची, धाकटा साडेचारचा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारची सकाळ, एवढाच वेळ हाताशी आहे. मुलीची फर्माइश व्हायोलिन, पोहणं, बुद्धिबळ अशी, आणि क्रम रोज बदलतो. सोफ्यावरून कोलांट्या चालू असतात म्हणून जिम्नॅस्टिक्सची भर आम्ही घातली.

यातलं काय निवडावं, कोणत्या वयाला, आणि क्लास बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं ते सांगा. व्हायोलिन घ्यायचं तर केवढं? धाकट्याला आत्ताच कुठे घालावं का? "आमच्या पिंट्याने तर..." छापाचे अनुभव कृपया नकोत, त्यांचा धागा आधीच तीनशे प्रतिसादांवर गेलाय.

त्रैराशिक

आवडीनिवडीच्या आधी वेळेचं गणित मांडा. जाहिरातीत क्लास ४५ मिनिटांचा असतो. जाणं-येणं, कपडे बदलणं, परतल्यावरची भूक धरून तो दोन तासांच्या घरात जातो. हे सगळे जण धरतात. घरचा सराव मात्र कुणी धरत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

पोहण्याचा घरी सराव नसतो. जिम्नॅस्टिक्सचाही नसतो, किंबहुना गादीशिवाय तो होऊच नये. बुद्धिबळाला रोज १०-१५ मिनिटं पुरतात आणि मूल ती एकटं करू शकतं. व्हायोलिनला रोज १५-२० मिनिटं लागतात, आठवड्यातले ५-६ दिवस, आणि त्या वेळी शेजारी मोठं माणूस बसावं लागतं. सात वर्षांच्या मुलाला "जा, सराव कर" म्हटलं की ते येतं तेवढाच तुकडा चार वेळा वाजवून परत येतं. चुकतंय कुठे, ते वेगळं काढून हळू कसं करायचं, हे या वयाला एकट्याने जमत नाही. म्हणजे व्हायोलिन घेतलंत तर क्लास तिचा आणि तुमचा, दोघींचा. रोजची ती २० मिनिटं तुमच्याकडे किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे नसतील तर हा पर्याय आत्ताच बाजूला ठेवा. वर्षभराने "हिला आवडच नाही" असा निकाल लावण्यापेक्षा ते बरं.

पाणकोंबडी

पोहणं या यादीतून काढा. ते छंदात मोजायचंच नाही, रस्ता ओलांडायला शिकवतो तसं ते शिकवायचं. बाकीचं काय ते त्यानंतर ठरवा.

"पोहता येतं" म्हणजे काय हे आधी ठरवून घ्या, नाहीतर प्रशिक्षक २५ मीटर फ्रीस्टाइल झालं की हात झटकतात. अमेरिकन रेड क्रॉसची कसोटी सोपी आणि नेमकी आहे. डोक्यावर जाईल इतक्या खोल पाण्यात उतरून परत वर यायचं. एक मिनिट तरंगायचं किंवा जागच्या जागी पाय मारत राहायचं. पूर्ण गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधायची. तिथपर्यंत साधारण २३ मीटर पोहत जायचं, आणि शिडी न धरता काठावर चढायचं. हे पाचही ओळीने जमलं की पहिला टप्पा झाला. आणि तो झाला तरी मुलांवर नजर हवीच, काठावर बसून मोबाइलमध्ये बघणं नव्हे.

शिकवण्याचा क्रम: पाण्यात तोंड घालून बुडबुडे, मग उताणं तरंगणं, भिंतीला पाय मारून सरळ घसरत जाणं, त्यातून उभं राहणं, मग पाय मारणं, आणि हात सगळ्यांत शेवटी. पहिल्याच आठवड्यात हात फिरवायला लावणारा प्रशिक्षक पालकांना खूश करतो, पण त्या मुलांची मान कायम वर राहते, कंबर बुडते आणि दहा मीटरमध्ये दम लागतो. दंडावरच्या फुगवलेल्या पट्ट्याही नकोत. त्यांनी शरीर पाण्यात उभं राहतं आणि पोहायला लागतं आडवं. ती उभी सवय मोडायला पुढे महिना जातो.

लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात, कारण वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त. ओठ निळसर दिसले की वेळ संपायची वाट न बघता बाहेर काढा.

तलावाजवळ गेल्यावर डोळे चुरचुरवणारा 'क्लोरीनचा वास' आला तर पाणी स्वच्छ आहे असं समजू नका. तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइन्सचा असतो, म्हणजे नेमकं उलटं. पाण्याची नोंद कुठे लावतात ते विचारा, पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.८ मध्ये हवा.

साडेचार हे सुरू करायला चांगलं वय आहे. त्यामुळे धाकट्याचाही प्रश्न इथेच सुटला.

ओंजळ

अरे वा, दोघांची एकच वेळ जुळली तर एक संध्याकाळ वाचेल. व्हायोलिनबद्दल कुणी सांगेल का? त्रैराशिक यांनी घाबरवलंय, पण तिचा हट्ट तोच जास्त आहे.

सूरपेटी

आधी एक ठरवा: बसून वाजवायचं की उभं राहून? आपल्या शास्त्रीय संगीतात मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवून वाजवतात. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून, हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये. तारा लावण्याची पद्धत वेगळी, डाव्या हाताची हालचाल वेगळी, शिक्षकही वेगळे. वर्षाने एकातून दुसऱ्यात जाणं म्हणजे पकड जवळजवळ नव्याने शिकणं.

माप: डावा हात बाजूला सरळ ताणायचा आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेप लावायची. साधारण ४७ सेंमीला पाव, ५१ ला अर्धं, ५६ ला पाऊण आणि ५८-६० च्या पुढे पूर्ण. (नावांवर जाऊ नका. पूर्ण व्हायोलिनची पेटी, म्हणजे वाद्याचं पोकळ लाकडी धड, ३५.५ सेंमी, अर्ध्याची सुमारे ३१. अर्ध्यात अर्धं काही नसतं!) मग प्रत्यक्ष हातात देऊन बघा. उभ्या पद्धतीत व्हायोलिन खांद्यावर ठेवल्यावर डाव्या हाताची बोटं वाद्याच्या डोक्याभोवती सहज वळली पाहिजेत आणि कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. कोपर ताठ झालं तर वाद्य मोठं आहे. "वाढत्या अंगाचं" म्हणून एक माप मोठं घेणं हा फ्रॉकचा हिशेब इथे चालत नाही. मनगट आत मुडपतं, चौथं बोट (करंगळी) तारेवर पोचत नाही, आणि ती सवय योग्य मापाचं वाद्य आल्यावरही जात नाही.

पूर्ण मापापर्यंत तीनदा-चारदा वाद्य बदलणार, म्हणून भाड्याने मिळत असेल तर भाड्यानेच घ्या. गज (तारांवर फिरवायची केसांची काठी) त्याच मापाचा हवा. हे बघून घ्या:

– तारा पट्टीपासून (जिच्यावर बोटांनी तार दाबतात ती) फार उंच नकोत. दाबायला बोटाचं टोक पांढरं पडत असेल तर घोडी (तारांना उचलून धरणारा लाकडी तुकडा) घासून बसवून घ्यावी लागेल. अगदी स्वस्त वाद्यांत हाच दोष असतो आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही.
– तारा ताणायच्या खुंट्या लाकडाच्या घर्षणावर टिकतात. फिरवताना आत दाबतही फिरवायच्या, नाहीतर सटकतात. लहान मुलांसाठी चारही तारांना खाली बारीक जुळवणीचे स्क्रू असलेलं वाद्य घ्या, म्हणजे रोज खुंटीला हात लावायला नको.
– घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. तारा सुरात लावता लावता ती हळूहळू पट्टीकडे झुकते. घोडीची शेपटाकडची (तारा खाली अडकवतात त्या टोकाकडची) बाजू पेटीशी काटकोनात दिसली पाहिजे. झुकलेली तशीच राहिली तर वाकते आणि एक दिवस फाडकन पडते. पडलीच तर सगळ्या तारा सैल करा आणि आत खडखडतंय का ऐका. आतला ध्वनिदंड (घोडीखाली पेटीत उभी बसवलेली लाकडी काडी) पडला असेल तर तारा ताणायच्या नाहीत, वाद्य कारागिराकडे न्यायचं.
– वाजवून झालं की गज सैल करायचा. नव्या गजाला राळ (केसांवर घासायचा डिंकासारखा खडा) भरपूर लागते, नसेल तर आवाजच निघत नाही, आणि नवशिके वाद्य बिघडलं म्हणून परत करतात.

पहिले तीन-चार महिने घरात किरकिर ऐकू येणार. व्हायोलिनला सुराची जागा दाखवणारे पडदे नाहीत, सूर कानाने शोधायचा असतो. याच काळात गजाची पकड आणि मोकळ्या तारेवरचा सरळ गज बसतो. या दिवसांत गाणी वाजवून दाखवायचा आग्रह धरणारा शिक्षक टाळा आणि नातेवाईकही टाळा.

काजवा

त्यापेक्षा कीबोर्ड का नाही? कळ दाबली की सूर तयार. सहा महिन्यांत मूल दोन हातांनी काहीतरी वाजवतं, उत्साह टिकतो.

सूरपेटी

चांगला पर्याय आहे, पण कळ हळू-जोरात दाबली तर आवाज कमी-जास्त होणारा घ्या, खेळण्यातला नको. पुढे पियानोकडे जायचं असेल तर वजनदार कळांचा, कारण हलक्या कळांवर बोटांत ताकद येत नाही. बसल्यावर कोपर कळांच्या पातळीत आणि पाय लोंबकळत नकोत, खाली पाट द्या. फक्त एवढंच, की व्हायोलिनचा हट्ट असलेल्या मुलीला कीबोर्ड दिला तर तो तुमचा छंद होतो, तिचा नाही.

चौसष्टघरे

बुद्धिबळाचा क्लास ओळखायची खूण: पहिल्या महिन्यात ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींची) नावं पाठ करून घेतात का? घेत असतील तर दुसरा बघा. नवशिक्या मुलांचे डाव ओपनिंगमुळे हरत नाहीत, मोहरं फुकट सोडल्याने हरतात.

चांगला क्रम म्हणजे आधी फक्त प्याद्यांचा खेळ, जो आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मग एकेक मोहरं वाढवत जायचं. मग दोन हत्तींची मात, वजिराची मात. मग "समोरच्याने आत्ता ही चाल का केली?" हा प्रश्न प्रत्येक चालीला विचारायची सवय. घरी रोज एका चालीत मात करायची १० कोडी, खऱ्या पटावर मांडून. पडद्यावर मुलं अंदाजाने टिचक्या मारत सुटतात, बरोबर आलं की पुढे. पटावर हात मांडीवर ठेवून विचार करावा लागतो. सात वर्षांचं मूल चाली लिहू शकतं, ते लवकर शिकवा. हरलेला डाव परत बघता येतो तो त्यामुळेच.

पहिली स्पर्धा 'हात लावला की तेच मोहरं हलवायचं' हा नियम आणि घड्याळ दाबणं अंगवळणी पडल्यावर. दोन हरलेल्या डावांच्या मध्ये जाऊन विश्लेषण करू नका, पाणी द्या.

"वर्षात रेटिंग मिळवून देतो" या जाहिरातींबद्दल: फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) मार्च २०२४ पासून रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याची, खालची मर्यादा १००० वरून १४०० केली. पहिल्या रेटिंगसाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात आणि कामगिरी १४०० च्या वर भरावी लागते. सात वर्षांच्या नवशिक्याला वर्षात हे साधेलच असं कुणी सांगू शकत नाही.

आणि गणित सुधारेल म्हणून बुद्धिबळाला घालू नका. इंग्लंडमध्ये १०० शाळांचा मोठा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या शाळांत वर्षभर बुद्धिबळ शिकवलं. २०१६ च्या अहवालात गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. बुद्धिबळ आवडतं म्हणून खेळावं, एवढं कारण पुरे आहे.

टाचणी

क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या ढाली बघू नका, हातात घड्याळ घ्या. एक मूल निवडा आणि ते प्रत्यक्ष किती वेळ काही करतंय ते मोजा. १२ मुलं एका रांगेत, एका उपकरणावर, प्रत्येकाला २० सेकंद. म्हणजे आपली पाळी ४ मिनिटांनी. अर्ध्या तासात ७-८ पाळ्या, एकूण अडीच मिनिटं हालचाल! बाकीचा वेळ रांगेत ढकलाढकली. जिम्नॅस्टिक्समध्ये हे हमखास दिसतं. चांगल्या ठिकाणी तीन-चार कोपरे मांडलेले असतात, एकीकडे कोलांटी, एकीकडे तोल, एकीकडे लोंबकळणं, आणि मुलं फिरत राहतात.

उतरायच्या जागी जाड गादी आहे का, गाद्यांच्या सांध्यात फटी आहेत का, नवी उडी करताना कुणी हात देऊन उभं आहे का ते बघा. स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय ताणून जमिनीला टेकवताना) मुलाच्या खांद्यावर किंवा मांडीवर भार देऊन खाली दाबणारा प्रशिक्षक दिसला तर तिथूनच परत फिरा. नृत्याच्या क्लासमध्ये जमीन बघा: फरशीवर अनवाणी उड्या आणि पाय आपटणं गुडघ्या-नडगीला महाग पडतं, खाली पोकळी असलेली लाकडी जमीन उत्तम. गुडघे वाकवले की ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच गेले पाहिजेत. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून, गुडघा पिळून नव्हे.

विचारायचे प्रश्न: पालकांना कधीही बघता येतं का (नुसत्या 'वार्षिक दिनाला' नको)? हात लावून दुरुस्त करण्याआधी मुलाला सांगतात का? शिक्षक मुलांना खाजगी मेसेज करतात का? चुकलेल्या क्लासचं काय? मध्येच सोडलं तर पैशांचं काय? पोशाख, परीक्षा, स्पर्धा यांचा खर्च वेगळा आहे का, आणि त्या सक्तीच्या आहेत का? कराटे वगैरेमध्ये दर तीन महिन्यांनी सगळेच्या सगळे पुढच्या पट्ट्यात जात असतील तर तिथे परीक्षा नाही, पावती फाडली जाते.

उंबरठा

इतका कीस पाडायची गरज नाही. एक धरावं आणि दहावीपर्यंत सोडू नये. आजकालच्या मुलांना धरसोडीची सवय पालकच लावतात.

टाचणी

सातव्या वर्षी दोन-तीन गोष्टी करून बघणं ही चाचपणी, धरसोड नव्हे. पण सोडायचा नियम मात्र आधी ठरलेला हवा. १०-१२ क्लासचा एक टप्पा ठरवायचा, तो पुरा करायचा आणि निर्णय टप्पा संपल्यावर एखाद्या चांगल्या दिवशी घ्यायचा. वाईट दिवशी घ्यायचा नाही.

"मला नाही जायचं" हे कधी म्हणते ते नोंदवा. निघताना रडते पण आत गेल्यावर रमते: खेळ मध्येच तोडल्याचं दुःख आहे, निघायच्या दहा मिनिटं आधी सूचना द्या. परतल्यावर चिडचिड: बहुतेक भूक. आधी नीट जायची, आता आदल्या रात्रीपासून कुरकुर: काहीतरी अवघड पडतंय किंवा लाज वाटतेय, शिक्षकांशी बोला. विशिष्ट माणसाचं किंवा मुलाचं नाव घेतलं, किंवा काही न सांगता अचानक पूर्ण नकार दिला, तर टप्पा-बिप्पा विसरून त्याच दिवशी थांबवा आणि शांतपणे विचारा.

काजवा

टेनिसचं कुणी लिहिलं नाही. सात वर्षांना चालेल?

पाणकोंबडी

चालेल, पण पिवळा चेंडू आणि मोठं कोर्ट असेल तर नको. लहानांसाठी लाल चेंडू असतो, वेग नेहमीच्या चेंडूच्या पाव, कोर्ट ११ मीटर लांब. मग केशरी चेंडू, निम्मा वेग, १८ मीटर. मग हिरवा, पूर्ण कोर्टवर. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केलाय. पिवळा चेंडू मुलांच्या डोक्यावरून उसळतो, मग ती मागे मागे जात खांद्यावरून ओढून मारतात.

त्रैराशिक

शरीराचा हिशेबही मांडून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. आठवड्याचे संघटित खेळाचे तास वयाच्या आकड्याच्या पुढे जाऊ देऊ नका, म्हणजे सात वर्षांना ७ तास. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. उलट बाजूने, ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याच्या दोन क्लासनी ती भागत नाही, अंगणातलं धावणंच भागवतं.

'वाढीचं दुखणं' म्हणून सगळं खपवू नका. ते रात्री दुखतं, दोन्ही पायांत, स्नायूत, आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, खेळल्यावर वाढणारं (टाचेत, गुडघ्याच्या वाटीखाली) किंवा लंगडायला लावणारं दुखणं वेगळं. तिथली वाढीची कूर्चा ताणली जात असते. खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

झोप: ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, धाकट्याच्या वयाला १० ते १३. संध्याकाळी साडेसातचा क्लास कितीही चांगला असला तरी या हिशेबात बसत नाही.

ओंजळ

सर्वांचे आभार. दोघांचं पोहणं पक्कं, एक संध्याकाळ. दुसऱ्या संध्याकाळी व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं, १२ क्लासचा टप्पा, रोजची २० मिनिटं बाबा बसणार (त्याने लिहून दिलंय). शनिवार सकाळ मोकळी ठेवतोय. सूरपेटी, टेप लावली, ५० सेंमी भरलं. अर्धं घ्यायचं ना? दुकानदार म्हणतो जेमतेम एक सेंटिमीटरचा प्रश्न आहे.

सूरपेटी

पाव घ्या. सीमेवर असलं की नेहमी लहान. भाड्याच्या करारात माप बदलून देण्याची अट लिहून घ्या, पाच-सहा महिन्यांत अर्धं लागेल. आणि दुकानातून निघण्याआधी घोडी सरळ आहे ना ते त्याच्यासमोरच बघा.